विहिरीतले गाळपाणी उपसायला हवेवर चालणारा डायफ्राम पंप: सुरक्षित कसा बसवायचा? जाणून घ्या

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गावोगावी विहिरींची कामे निघतात. कुठे खोलीकरण, कुठे गाळ काढणे, कुठे नवी विहीर. झरा लागला की खोदणाऱ्यांच्या पायाखाली गढूळ पाणी साचते आणि ते उपसल्याशिवाय पुढचे काम होत नाही. अशा वेळी साधा वीजपंप खाली सोडला तर ओल्या जागेत शॉक लागण्याची भीती असते. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन खाली उतरवले तर त्याचा धूर विहिरीतच कोंडतो आणि तो जिवावर बेततो.

या दोन्हींना एक पर्याय आहे, हवेवर चालणारा डायफ्राम पंप. खाणी, बोगदे, रंगाचे आणि रसायनांचे कारखाने, सांडपाणी प्रकल्प अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षे वापरात आहे. हा प्रकार १९५५ साली अमेरिकेत जिम विल्डन यांनी पुढे आणला. दगड फोडण्यासाठी ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर विहिरीवर आलेला असेल, तर त्याच हवेवर हा पंप चालू शकतो.

पण 'यात वीज नाही, मग धोका कसला?' असे समजून पंप घाईत जोडला जातो आणि चूक तिथेच होते. या पंपात शॉकचा धोका नाही, मात्र तीन धोके कायम राहतात. पहिला, दाबाखालची हवा. दुसरा, पंपातून बाहेर पडणारी हवा. तिसरा, विहिरीत आधीपासून असलेला वायू. पंप बसवताना या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागतो.

पंप चालतो कसा?

पंपात डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे रबराचे किंवा टेफ्लॉनचे दोन पडदे असतात. त्यांनाच डायफ्राम म्हणतात. दोन्ही पडदे मधल्या एकाच दांड्याने जोडलेले असतात. हवा एका पडद्यामागे शिरते आणि त्याला बाहेर ढकलते, त्यामुळे त्या बाजूचे पाणी वर जाते. त्याच वेळी दांड्यामुळे दुसरा पडदा आत ओढला जातो आणि त्या बाजूला पाणी भरते. टोकाला पोहोचल्यावर मधला एअर व्हॉल्व्ह हवेची बाजू बदलतो. पाणी उलटे फिरू नये म्हणून पंपात चार गोळ्यांचे व्हॉल्व्ह असतात.

यात मोटार नाही, फिरणारा पंखा नाही. थोडा वेळ कोरडा चालला तरी पंप जळत नाही. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला तर तो जागीच थांबतो आणि व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा सुरू होतो. सोय चांगली आहे, पण इथेच सावध राहायला हवे. असा थांबलेला पंप बंद झालेला नसतो. त्याच्या आत हवा आणि पाणी दोन्ही दाबाखाली असतात. 'बंद पडलाय' असे समजून कोणी क्लॅम्प सोडला तर पाणी आणि गाळ जोरात अंगावर येतो.

आणण्याआधी हा हिशेब करा

उंची: कॉम्प्रेसरवाले ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात, ते पाणी साधारण १० मीटर म्हणजे ३३ फूट वर चढवते. विहीर ६० फूट असेल तर नुसते पाणी वर न्यायला सुमारे १.८ किलो प्रेशर लागते. पाईपमधले घर्षण आणि गाळाचे वजन वेगळे. पंप ज्या दाबाने हवा घेतो, त्याहून जास्त दाबाने पाणी देऊ शकत नाही. त्यामुळे ६० फुटांसाठी हवेचा दाब ४ ते ५ किलोपर्यंत वाढवायची सोय हवी.

सक्शन: पंप काठावर ठेवून ५०-६० फुटांवरून पाणी ओढता येत नाही. कुठलाच पंप सक्शनने १० मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही. हा पंप कोरडा असताना प्रत्यक्षात ४-५ मीटरच धरून चालावे. म्हणून खोल विहिरीत पंप खाली उतरवून पाण्याच्या जवळ ठेवावा लागतो.

हवा: दोन इंची पंप मोकळ्या स्थितीत मिनिटाला सुमारे ५०० ते ६०० लिटर पाणी फेकतो, पण पूर्ण वेगात त्याला १०० सीएफएमपेक्षा जास्त हवा लागू शकते. एक इंची पंपाला ४०-५० सीएफएमपर्यंत लागते. पंक्चरच्या दुकानातला ३ एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम १०-१२ सीएफएम देतो. त्यावर मोठा पंप लावला तर चार ठोके मारून थांबेल. कॉम्प्रेसर भाड्याने घेताना एचपीबरोबर सीएफएमही विचारा.

खडे: गोळी व्हॉल्व्ह असलेला दोन इंची पंप साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे खडे सोडतो. त्याहून मोठा खडा गोळीखाली अडकतो. म्हणून सक्शनच्या तोंडाला जाळी हवीच.

पंपाची पाटी: पंपावरील पाटीवर जास्तीत जास्त हवेचा दाब लिहिलेला असतो, बहुतेक पंपांवर ७ ते ८ किलोच्या आसपास. हा आकडा कोणत्याही कारणाने ओलांडू नये.

कॉम्प्रेसर कुठे उभा करायचा?

सर्वात महत्त्वाची चूक इथे होते. ट्रॅक्टरचा धूर ज्या बाजूला जातो त्याच बाजूला कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड असेल, तर धूर कॉम्प्रेसरमध्ये जातो, नळीतून खाली उतरतो आणि पंपाच्या एक्झॉस्टमधून विहिरीत सुटतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. खाली काम करणाऱ्याला आधी डोके दुखते, गरगरते, मग हातपाय गळतात. धोका आहे हे त्याला समजेपर्यंत शिडी चढण्याची ताकद राहत नाही.

– ट्रॅक्टर आणि कॉम्प्रेसर विहिरीपासून जेवढे लांब नेता येतील तेवढे न्या. धूर विहिरीच्या उलट दिशेला गेला पाहिजे.
– वारा कुठून येतो ते पाहा. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड वाऱ्याच्या बाजूला आणि सायलेन्सरपासून दूर असावे. दुपारी वारा फिरला तर जागा बदला.
– काठाची माती ट्रॅक्टरच्या वजनाने खचते. चाकांना दगडाची उटी लावा आणि कडेपासून अंतर ठेवा.
– टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशरचा काटा आणि खालचा ड्रेन तपासा. सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवलेला किंवा बोळा कोंबून बंद केलेला असेल तर तो कॉम्प्रेसर वापरू नका.

पंप बसवण्याच्या पायऱ्या

१) बोल्ट आवळून घ्या. वाहतुकीत हादरे बसून पंपाचे बोल्ट ढिले होतात. खाली सोडण्यापूर्वी ते एकाआड एक, समोरासमोरचे, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा.

२) जमिनीवर चालवून पाहा. ड्रममध्ये स्वच्छ पाणी घेऊन पाच मिनिटे कमी दाबावर पंप चालवा. गळती, आवाज, एक्झॉस्टमधून येणारे पाणी, जे काही असेल ते वर असतानाच कळते.

३) पंप उभाच ठेवा. गोळ्या स्वतःच्या वजनाने जागेवर बसतात. पंप आडवा किंवा तिरका झाला तर पाणी नीट उचलत नाही.

४) लोंबकळत ठेवू नका. पंप चालताना हिसके देतो. विहिरीतल्या टप्प्यावर सपाट जागा असेल तर लोखंडी स्टँडवर बोल्टने आवळून ठेवा. टप्पा नसेल तर यारीच्या किंवा मजबूत घोडीच्या तारदोराला, पंपाच्या उचलण्याच्या जागीच बांधा. हवेच्या नळीला धरून पंप कधीही खाली सोडू नये. पंप खाली-वर होत असताना विहिरीत एकही माणूस नको.

५) सक्शनची नळी आखडणारी नको. सक्शनला आतून तार असलेली जाड नळी घ्या. साधी नळी आत ओढली जाऊन चपटी होते आणि पाणी येणे थांबते. नळीचा व्यास पंपाच्या तोंडाएवढा किंवा मोठा असावा. तोंडाला जाळी लावा आणि ती तळापासून थोडी वर ठेवा.

६) डिलिव्हरीला आधी नळीचा तुकडा. पंपाला थेट कडक पाईप जोडला तर हादऱ्याने सांधे तुटतात. एक-दीड मीटरची मजबूत नळी जोडून मग पाईप घ्या. दोन इंची ६० फूट पाईप भरला की त्यात सुमारे ३७ किलो पाणी असते. हे वजन पंपाच्या तोंडावर पडू देऊ नका. पाईपला जागोजागी स्वतंत्र दोर बांधा.

७) वरचे टोक पक्के करा. पाणी ठोक्याठोक्याने येते, त्यामुळे मोकळे टोक सापासारखे वळवळते. ते खुंटीला बांधा. उपसलेले पाणी काठाजवळ सोडू नका. ते परत मुरते आणि कडेची माती ढासळते.

हवेची लाईन

हवेच्या नळीसाठी हवेचीच नळी लागते. ठिबकची नळी, बागेची नळी, पीव्हीसी पाईप हे काहीही चालत नाही. पीव्हीसी हवेच्या दाबाने फुटला की त्याचे तुकडे छऱ्यांसारखे उडतात. नळीवर छापलेला दाब कॉम्प्रेसरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या दाबापेक्षा बराच जास्त असावा. नळीचा व्यास पंपाच्या हवेच्या तोंडापेक्षा कमी नको.

जोडणीचा क्रम असा ठेवा. कॉम्प्रेसरनंतर मुख्य बॉल व्हॉल्व्ह, मग पाणी पकडणारा फिल्टर, मग प्रेशर कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि काटा, आणि शेवटी पंप. मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्यावर पुढची हवा आपोआप बाहेर सोडणारा मिळाला तर तोच घ्या. तो वर, ज्याच्या हातात काम आहे त्या माणसाला एका पावलावर सापडेल असा असावा. बहुतेक नव्या पंपांना हवेतून तेल द्यावे लागत नाही. पुस्तिकेत सांगितले असेल तरच द्या.

प्रत्येक सांध्याला पक्का क्लॅम्प हवा, बाइंडिंग तारेने बांधलेला सांधा चालणार नाही. पंजाच्या आकाराच्या कपलिंगमध्ये खिळ असेल तर ती न विसरता घाला. नळी सुटली तर चाबकासारखी फिरून हाड मोडू शकते. त्यासाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारी तारेची सुरक्षा दोरी मिळते, ती लावा.

हवेची नळी कधीही अंगावर, कपड्यांवर, जखमेवर धरू नका. दाबाखालची हवा जखमेतून आत शिरू शकते. धूळ झटकायला किंवा गरम होतंय म्हणून वारा घ्यायला नळी वापरणे जिवाशी खेळ आहे.

एक्झॉस्ट वर काढा

पंपातून वापरून झालेली हवा जिथून बाहेर पडते तिथे मफलर असतो. खाली माणसे काम करणार असतील तर मफलरच्या जागी नळी जोडून एक्झॉस्ट विहिरीच्या बाहेर काढावा. त्याची दोन कारणे आहेत. एक, कॉम्प्रेसरचे तेल, त्याचा वास आणि चुकून आलेला धूर खाली राहत नाही. दोन, डायफ्राम फाटला तर पाणी आणि गाळ याच वाटेने बाहेर पडतो. एक्झॉस्टची नळी तोंडापेक्षा मोठ्या व्यासाची घ्या, नाहीतर हवा अडून पंप मंद होतो.

पंप पाण्यात बुडवून चालवायचा असेल तर दोन अटी आहेत. कंपनीने तशी परवानगी दिलेली असावी आणि एक्झॉस्टचे टोक पाण्याच्या वर असावे.

'पंपातून हवा येतेय, म्हणजे खाली ताजी हवा मिळतेय' असे समजू नका. ही हवा श्वासासाठी शुद्ध केलेली नसते. कॉम्प्रेसर फार तापला तर त्याच्या तेलातूनही विषारी वायू तयार होऊ शकतो. खाली ताजी हवा हवी असेल तर वेगळा ब्लोअर लावावा.

भर मे महिन्यातही मफलरवर बर्फ धरलेला दिसेल. हा बिघाड नाही. दाबाची हवा एकदम मोकळी झाली की थंड होते आणि तिच्यातला ओलावा गोठतो. टाकीतले पाणी ड्रेनमधून काढा, फिल्टर रिकामा करा, दाब थोडा कमी करा. आवाजही मोठा असतो, त्यामुळे जवळच्या माणसाने कानात बोळे किंवा इअरमफ घालावेत.

सुरू करताना, बंद करताना

सुरू करताना आधी डिलिव्हरी पूर्ण उघडी करा. रेग्युलेटर शून्यावर ठेवून मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एक-दीड किलोवर पंप ठोके मारू लागतो. विहीर खोल असेल तर पाणी वर येईपर्यंत थोडा थोडा दाब वाढवा. पाणी आले की गरजेपुरताच दाब ठेवा. जास्त दाबाने काम थोडेच वाढते, पण डायफ्राम लवकर जातो.

बंद करताना हा क्रम पाळा: मुख्य व्हॉल्व्ह बंद, नळीतली हवा मोकळी, काटा शून्यावर आल्याची खात्री, मग डिलिव्हरी पाईपमधले पाणी हळू सोडणे. त्यानंतरच पाना लावायचा. काम संपल्यावर दहा मिनिटे स्वच्छ पाणी फिरवून पंप धुवा. आत बसलेला गाळ वाळला की पुढच्या वेळी डायफ्राम फाटतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी

पंपाने पाणी काढले म्हणून विहिरीतली हवा चांगली झाली असे होत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या, झाकलेल्या किंवा पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर त्या जागी उतरू नये. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू अचानक वर येऊ शकतो, म्हणून काम चालू असतानाही तपासणी लागते.

जुन्या पद्धतीत कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडून बघतात. त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईडने ज्योत विझत नाही, पण माणूस मरतो. आणि खाली जळणारा वायू असेल तर ज्योतीने भडका उडेल. प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारे छोटे यंत्र हाच खात्रीचा उपाय आहे.

उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि त्याला दोर हवा, आणि दोराचे टोक वर थांबलेल्या माणसाच्या हातात. वरच्या माणसाने जागा सोडायची नाही, फोनवर बोलत बसायचे नाही. खालचा माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. वाचवायला उतरलेला दुसरा, मग तिसरा असे जीव जातात. दोराने वर ओढा, ब्लोअर चालू ठेवा आणि ११२ किंवा १०८ वर फोन करा.

मैला, रसायन, डिझेल असेल तर

शौचालयाची टाकी किंवा गोबरगॅसचा खड्डा उपसताना या पंपाचा मोठा फायदा म्हणजे माणसाला आत उतरावे लागत नाही. सक्शनची नळी आत आणि पंप बाहेर. माणसाला संरक्षण साधनांशिवाय मैल्याच्या टाकीत उतरवणे २०१३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अशा खड्ड्याजवळ विडी, काडेपेटी, वेल्डिंग नको, कारण आतला मिथेन पेट घेतो.

डिझेल, थिनर, स्पिरिट यांसाठी विहिरीवरचा पंप उचलून लावू नका. वाहत्या द्रवामुळे स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीने आग लागते. त्यासाठी वीज वाहून नेणाऱ्या धातूचा किंवा खास प्लास्टिकचा पंप लागतो. पंप, नळी आणि ड्रम तिन्हींना अर्थिंगची तार जोडावी लागते. साधा पॉलिप्रोपिलीनचा पंप या कामाला चालत नाही.

रबरही द्रवानुसार बदलते. तेलाला नायट्राईल चालते, ईपीडीएम फुगून खराब होते. आम्ल आणि सॉल्व्हंटसाठी बहुधा टेफ्लॉन लागते. ॲल्युमिनियमचा पंप आम्ल किंवा कॉस्टिकला लावला तर तो खाल्ला जातो.

बिघाड कसा ओळखायचा?

– पंप ठोके मारतो पण पाणी येत नाही: सक्शनमध्ये हवा शिरतेय, जाळी तुंबली आहे किंवा गोळीखाली खडा अडकला आहे.
– हवा चालू, पण पंप हलत नाही: डिलिव्हरी बंद किंवा तुंबलेली, दाब कमी, किंवा मफलरवर बर्फ.
– एक्झॉस्टमधून पाणी किंवा गाळ येतोय: डायफ्राम फाटला. लगेच बंद करा.
– डिलिव्हरीच्या पाण्यात बुडबुडे: सक्शनचा सांधा ढिला किंवा डायफ्राम फाटलेला.

काम सुरू होण्याआधी मुकादमाने बघायच्या सात गोष्टी

१) धूर विहिरीच्या उलट दिशेला जातोय का?
२) सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का?
३) प्रत्येक सांध्याला क्लॅम्प, खिळ आणि सुरक्षा दोरी आहे का?
४) पंप आणि पाईप स्वतंत्र दोरांनी पक्के आहेत का?
५) एक्झॉस्ट विहिरीच्या बाहेर आहे का?
६) खालची हवा यंत्राने तपासली का?
७) वर थांबणारा माणूस ठरला आहे का, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्याला माहीत आहे का?

सातपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर विहिरीत कोणालाही उतरवू नका. एक दिवस काम थांबले तर मजुरी बुडते, पण ती पुढच्या दिवशी भरून काढता येते. ही यादी फोनमध्ये जतन करून ठेवा आणि विहिरीचे काम काढणाऱ्या शेतकऱ्याला, कॉम्प्रेसरवाल्याला आवर्जून पाठवा.